एनएस१ धडधाकट असताना रिझॉल्व्हर एनएस३ कडे का जातात?

बेदाणा_सौदा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीत कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या संगणकांचं काम बघतो. दुसऱ्या दिवशीच्या बेदाणा सौद्याला कुठले लॉट निघणार, किती बॉक्स, कुठल्या प्रतीचा माल, ही यादी आम्ही संध्याकाळी एका साइटवर टाकतो. आडते, व्यापारी आणि आता तासगाव-कवठेमहांकाळकडचे शेतकरीसुद्धा मोबाइलवर तीच उघडून बघतात. डोमेन डॉट कॉम आहे, साइटच्या नावाचा पत्ता सांगणारे नेम सर्व्हर (एनएस) तीन:

एनएस१: कुपवाड एमआयडीसीत आमच्याच ऑफिसात. झोनमधले (डोमेनच्या नोंदवहीतले) सगळे बदल इथेच होतात.
एनएस२: मुंबईत, भाड्याचं मशीन.
एनएस३: अमेरिकेत, स्वस्तातलं भाड्याचं मशीन. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ऑफिसची वीज आणि लाइन दोन्ही गेली, त्यानंतर "एक तरी लांब असू दे" म्हणून घेतलेलं.

माझी समजूत अशी की जग एनएस१ ला विचारेल, तो नसला तर एनएस२ ला आणि दोन्ही गेले तरच अमेरिकेला. पण तिन्हीकडचे क्वेरी लॉग (कुणी काय विचारलं त्याच्या नोंदी) समोरासमोर ठेवले तर वेगळंच दिसतंय. मिरजेच्या एका नेटवाल्याच्या रिझॉल्व्हरकडून (गिऱ्हाइकांच्या वतीने नेम सर्व्हरांना पत्ता विचारणाऱ्या मशीनकडून) तिन्हीकडे जवळजवळ सारख्याच क्वेऱ्या येतात. दुसरा एक मोठा रिझॉल्व्हर बहुतेक वेळा मुंबईला विचारतो आणि मधूनच अमेरिकेला एखादी क्वेरी टाकतो. एनएस१ पूर्ण वेळ चालू आहे, पिंग व्यवस्थित. मग हे लोक साता समुद्रापार कशाला जातात? क्रम कुठे सांगायचा असतो का?

---

कुपवाडचा_फिटर

नाव एनएस१ ठेवलं म्हणून पहिला मान मिळतोय व्हय? उद्या नाव सरपंच ठेवलं तरी फरक पडणार नाही. 😀

क्रम सांगायची सोय एमएक्सला (मेल कुठल्या सर्व्हरकडं जावी ते सांगणाऱ्या रेकॉर्डला) आहे, तिथं प्रत्येक रेकॉर्डला प्राधान्याचा आकडा असतोय. एनएस रेकॉर्डमध्ये असला आकडाच नाही. आणि यादीत वर टाकलं म्हणाल तर उत्तर देताना बरेच सर्व्हर यादी फिरवून देतात. आज वर असलेला उद्या खाली.

---

मिरजकर_तंबोरा

फिटर म्हणतात ते बरोबर आहे, थोडी भर घालतो.

प्रायमरी आणि सेकंडरी हा तुमच्या घरातला कारभार. झोन कुठे लिहायचा आणि कुणी कुणाकडून उतरवून घ्यायचा, एवढ्यापुरताच. बाहेरून विचारणाऱ्याला तीन पत्ते मिळतात आणि तिन्ही सारख्याच अधिकाराचे. एसओए रेकॉर्डमध्ये (झोनच्या माथ्यावरच्या नोंदीत) प्रायमरीचं नाव असतं खरं, पण कुणाला विचारायचं हे ठरवताना रिझॉल्व्हर ते बघत नाही.

मग ठरवतो कसं? १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे दस्तऐवज) याची रूपरेषा आहे. रिझॉल्व्हरने त्या झोनच्या सर्व्हरांची यादी करावी, कोण किती वेळात उत्तर देतो आणि कितीदा देतो याची नोंद ठेवावी आणि त्यावरून निवड करावी. नोंद कशी ठेवायची आणि निवड नेमकी कशी करायची, हे तिथे बांधून दिलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. तुम्हाला लॉगमध्ये दोन रिझॉल्व्हरांचं दोन तऱ्हेचं वागणं दिसलं ते यामुळेच.

मी आयुष्यभर बाइंड हा रिझॉल्व्हर चालवला, म्हणून त्याचं सांगतो. बाइंड प्रत्येक पत्त्यामागे एक सरासरी वेळ धरून ठेवतो. उत्तर आलं की जुन्या सरासरीचे ७० टक्के आणि नव्या वेळेचे ३० टक्के घेऊन नवी सरासरी काढतो. समजा सरासरी ८० मिलिसेकंद होती आणि या वेळी उत्तराला १२० लागले, तर ५६ अधिक ३६ म्हणजे ९२. एखाद्या वेळी लाइन अडखळली म्हणून सर्व्हर लगेच बाद होत नाही, पण अडखळतच राहिली तर दोन-चार फेऱ्यांत त्याची किंमत उतरते. पुढची क्वेरी सरासरी सगळ्यात कमी असलेल्याकडे.

नव्या, कधीच न विचारलेल्या पत्त्याला तो अगदी क्षुल्लक आकडा देतो, काही मायक्रोसेकंदांचा, तोही रँडम. म्हणजे अनोळखी सर्व्हर सुरुवातीला सगळ्यात जलद ठरतो आणि प्रत्येकाची एकदा परीक्षा होऊन जाते.

आता "मधूनच अमेरिकेला" का, ते बघा. एकाला विचारलं की न विचारलेल्यांची सरासरी बाइंड थोडी थोडी घटवत राहतो. पूर्वी ०.९८ ने गुणायचा. नंतरच्या कोडमध्ये ५१२ वा भाग वजा होतो, तोही सेकंदाला फार तर एकदा. तुमचा अमेरिकेतला सर्व्हर २१० वर आणि मुंबईचा २० वर असेल, तर घटत घटत २१० चे २० व्हायला साधारण १,२०० सेकंद लागतील, म्हणजे वीस मिनिटं, तीही त्या काळात तुमच्या झोनची क्वेरी जवळजवळ दर सेकंदाला पडत असेल तर. एकदा घटून खाली आला की पुढची क्वेरी त्याच्याकडे जाते, पुन्हा दोनशेच्या घरातलं उत्तर येतं, सरासरी वर चढते आणि तो पुन्हा मागे पडतो.

---

हळदीचा_वायदा

म्हणजे आमच्या बाजारासारखंच झालं की. शेतकरी माल नेहमीच्या आडत्याकडेच घालतो, पण मधूनच शेजारच्या गाळ्यावर जाऊन "आज काय भाव?" विचारून येतो. तिथं भाव वाढला असला तर कळायला तर पाहिजे.

---

मिरजकर_तंबोरा

अगदी तसंच. न विचारता बसलं तर लांबचा सर्व्हर उद्या जवळ आणून ठेवला तरी रिझॉल्व्हरला ते कधीच कळायचं नाही.

---

कृष्णाकाठ

मिरज भागातल्या एका छोट्या नेटवाल्याचे रिझॉल्व्हर माझ्याकडे आहेत. धागाकर्त्यांनी म्हटलेला "मिरजेचा नेटवाला" आम्हीच असू शकतो. 😄 आमच्याकडे अनबाउंड हे सॉफ्टवेअर आहे आणि त्याची तऱ्हा बाइंडहून बरीच वेगळी.

तुमचं डोमेन मला माहीत आहे (यादी आमचे सासरेबुवा रोज बघतात). रिझॉल्व्हरवर अनबाउंड-कंट्रोलचा डंप_इन्फ्रा हा आदेश मारून तुमच्या तीन पत्त्यांपुढचे आकडे काढले, मिलिसेकंदात (पिंग म्हणजे उत्तराला लागणारा सरासरी वेळ, व्हेरियन्स म्हणजे त्यातला चढउतार, आरटीटीचं खाली सांगतो):

मुंबई: पिंग ११, व्हेरियन्स ६, आरटीटी ५०
कुपवाड: पिंग २४, व्हेरियन्स ११, आरटीटी ६८
अमेरिका: पिंग २१२, व्हेरियन्स १८, आरटीटी २८४

आधी गंमत बघा. मिरजेहून कुपवाड मोटरसायकलवर वीस मिनिटांवर, मुंबई पावणेचारशे किलोमीटर. तरी मुंबई ११ आणि कुपवाड २४. कारण आमचं नेट एका कंपनीचं, तुमच्या ऑफिसची लाइन दुसरीची आणि दोघांची गाठ पडते मुंबईत. पॅकेट मिरजेहून मुंबईला जातं, तिथून उलटं फिरून कुपवाडला येतं आणि उत्तर त्याच वाटेने परत. रिझॉल्व्हरला नकाशातलं अंतर कळत नाही, उत्तराला लागलेला वेळ तेवढा कळतो.

आता तिसरा आकडा. अनबाउंड पिंगमध्ये व्हेरियन्सची चौपट मिळवतो. कुपवाड २४ अधिक ४४ बरोबर ६८. अमेरिका २१२ अधिक ७२ बरोबर २८४. मुंबईचे ११ अधिक २४ म्हणजे ३५ होतात, पण ५० च्या खाली तो जात नाही म्हणून ५०. टाइमआउट (उत्तराची किती वाट बघायची ते) या आकड्यावरून ठरतो आणि निवडही.

आणि निवड अशी: सगळ्यात जलद असलेल्याच्या आकड्यात ४०० मिळवायचे. त्या हद्दीत जे जे सर्व्हर बसतील ते सगळे सारखे समजायचे आणि त्यांतून रँडम एक उचलायचा. तुमच्या बाबतीत ५० अधिक ४०० बरोबर ४५०. अमेरिका २८४ वर, म्हणजे आरामात आत. त्यामुळे आमच्या रिझॉल्व्हरच्या लेखी तुमचे तिन्ही सर्व्हर एकाच मापाचे. तुम्हाला लॉगमध्ये दिसलेला तिसरा-तिसरा हिस्सा तो हाच. बिघाड काही नाही, ठरवून केलेलं आहे.

अनोळखी सर्व्हरला अनबाउंड ३७६ चा आकडा देतो, म्हणजे तोही साधारणपणे हद्दीत येतो आणि त्याचीही पाळी लागते. ही सगळी नोंद १५ मिनिटांची, ९०० सेकंद. त्यानंतर कोरी पाटी.

बाकीच्या सॉफ्टवेअरांचं थोडक्यात. नॉट रिझॉल्व्हर बहुतेक वेळा जलद दिसणाऱ्याकडे जातो आणि थोड्या क्वेऱ्या मुद्दाम रँडम टाकून बघतो. पॉवरडीएनएस रिकर्सर कालानुसार फिकी होत जाणारी सरासरी ठेवून जलद असेल त्याच्याकडे जातो. जुना डीजेबीडीएनएसचा डीएनएसकॅश तर वेळ मोजतच नव्हता, यादीतून सरळ रँडम.

---

बेदाणा_सौदा

कृष्णाकाठ, डोक्यातला गुंता सुटला. मग तुम्ही तुमच्याकडे असं सेटिंग करू शकता का, की जलद असेल त्यालाच विचार?

---

कृष्णाकाठ

सोय आहे. फास्ट-सर्व्हर-परमिल म्हणून एक आकडा असतो: हजारातल्या इतक्या क्वेऱ्या फक्त जलद सर्व्हरांकडे पाठव. डिफॉल्ट शून्य, म्हणजे बंद. जोडीला फास्ट-सर्व्हर-नम: जलद म्हणजे वरचे किती. त्याचा डिफॉल्ट ३. तुमचे सर्व्हरच तीन! त्यामुळे दुसराही आकडा बदलल्याशिवाय तुम्हाला काडीचा फरक पडणार नाही.

पण खरं सांगू? मी एकट्याने बदललं तरी सांगली जिल्ह्यातले बाकीचे नेटवाले, मोबाइल कंपन्या, सार्वजनिक रिझॉल्व्हर यांना तुम्ही कुठे कुठे सांगत फिरणार? निवड विचारणाऱ्याच्या हातात आहे. तुमच्या हातात फक्त यादीत कोण ठेवायचं आणि कोण नाही, एवढंच.

---

हळदीचा_वायदा

एक बाळबोध शंका. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरात प्रिफर्ड डीएनएस आणि अल्टरनेट डीएनएस असे दोन रकाने असतात. तिथं तर क्रम असतो की!

---

मिरजकर_तंबोरा

शंका बाळबोध मुळीच नाही, निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. ते दोन रकाने म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने कुठल्या रिझॉल्व्हरला विचारायचं ते. विषय आहे त्या रिझॉल्व्हरने पुढे कुठल्या नेम सर्व्हरला विचारायचं याचा. दोन वेगळी दुकानं.

कॉम्प्युटरातला भाग भोळा असतो. साध्या लिनक्सवर यादीतला पहिला घेतो, ५ सेकंद वाट बघतो, मग दुसऱ्याकडे जातो. यादीत तीनपेक्षा जास्त टाकले तर पुढचे वाचतही नाही. आणि गेल्या वेळी पहिल्याने दगा दिला, हे पुढच्या वेळी त्याच्या लक्षात नसतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा ५ सेकंद. "नेट आहे पण साइट उघडायला फार वेळ घेते" अशी तक्रार आली की मी आधी पहिल्या रकान्यातला पत्ता जिवंत आहे का ते बघतो. रिकर्सिव्ह रिझॉल्व्हर अनुभव लक्षात ठेवतो. धागा त्या लक्षात ठेवण्याबद्दल आहे.

---

कुपवाडचा_फिटर

ते सगळं खरं, पण मला एक सांगा, दोनशे मिलिसेकंदाला कोण रडतंय? पापणी लवायच्या आत काम होतंय. एकदा उत्तर कॅशमध्ये (रिझॉल्व्हरच्या साठ्यात) बसलं की टीटीएल (त्या उत्तराची मुदत) संपेपर्यंत कुणी विचारतही नाही. धागाकर्ते, तुमचा टीटीएल किती?

---

बेदाणा_सौदा

६० सेकंद. लाइन गेली तर वेब सर्व्हरचा पत्ता पटकन बदलता यावा म्हणून.

---

कुपवाडचा_फिटर

घ्या. दर मिनिटाला सगळ्या जगाला दारात बोलावताय आणि वर विचारताय गर्दी का. तास करा तास. ३,६००.

---

अक्का_विश्रामबाग

उशिरा आले धाग्यावर. रँडम निवडीबद्दल कुणीतरी बोलायला हवं, कारण वाचताना असं वाटतंय की अनबाउंडवाल्यांनी आळस केला आणि जलद सर्व्हर शोधायचं सोडून चिठ्ठ्या टाकल्या.

२००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं की रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये खोटं उत्तर घुसवणं किती सोपं आहे. खोटं उत्तर खऱ्याच्या आधी पोचवायचं आणि त्यातला क्वेरीचा १६ बिटांचा क्रमांक जुळवायचा. क्रमांक चुकला तर नवं नाव विचारून पुन्हा खेळायचं, पाहिजे तितक्या वेळा. त्यावर घाईघाईने केलेला इलाज म्हणजे सोर्स पोर्टही (क्वेरी ज्या दाराने बाहेर पडते त्याचा क्रमांक) रँडम करणं. पण खोट्या उत्तरावर पाठवणाऱ्याचा पत्ताही योग्य असावा लागतो, म्हणजे रिझॉल्व्हरने या वेळी तिघांतल्या कुणाला विचारलं हेही चोराला ओळखावं लागतं. तीन पत्ते असतील तर दीड बिटाच्या आसपास भर पडते, आयपीव्ही६ चे (नव्या तऱ्हेचे) पत्ते धरून सहा असतील तर अडीचच्या आसपास. पोर्टाच्या मानाने किरकोळ, पण फुकटची. २००९ च्या आरएफसी ५४५२ मध्ये हा हिशेब मांडलेला आहे. रिझॉल्व्हर नेहमी एकाच जलद सर्व्हरला चिकटला तर हा भाग चोराला आधीच माहीत. बाकीचे सर्व्हर मेलेत असं भासवून रिझॉल्व्हरला एकाच सर्व्हरला बांधून ठेवायचे प्रकारही संशोधकांनी दाखवले आहेत.

तेव्हा चिठ्ठ्यांना नावं ठेवू नका. आणि धागाकर्ते, तुम्ही डीएनएसएसईसी (उत्तरांवर डिजिटल सही) लावलं आहे का? ते लावलं की ही चिंता मुळातूनच कमी होते.

---

बेदाणा_सौदा

अजून नाही लावलं, ताई. आधी एक नवं लफडं निस्तरतो. तुम्हा लोकांच्या आकड्यांमुळे तिन्ही सर्व्हरांना एकेक करून डिग या आदेशाने एसओए विचारला. एनएस१ आणि एनएस२ चा सिरियल (झोनच्या आवृत्तीचा क्रमांक) एकच आहे. एनएस३ चा आठ दिवस मागचा!

आणि आता आठवतंय, गेल्या आठवड्यात वेब सर्व्हरचा पत्ता बदलल्यापासून काही व्यापारी फोन करून "अजून जुनीच यादी दिसतेय" म्हणतात. काहींना दिसते, काहींना नाही. त्याच माणसाला सकाळी जुनी, दुपारी नवी. आम्ही त्यांना ब्राउझरची कॅश पुसायला सांगत होतो.

---

कृष्णाकाठ

हा तुमचा खरा आजार. दोनशे मिलिसेकंद विसरा.

रिझॉल्व्हर एकाला विचारतो आणि त्याचं उत्तर अधिकृत म्हणून घेतो. तिघांना विचारून सिरियल जुळतोय का, असं ताडून बघत नाही. चिठ्ठी एनएस३ ची निघाली की आमच्या कॅशमध्ये जुना पत्ता बसला आणि त्या मिनिटात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना जुनी यादी. टीटीएल संपला, पुढची चिठ्ठी मुंबईची निघाली की नवी यादी. सकाळी जुनी, दुपारी नवी याचं उत्तर हेच. (ब्राउझरची कॅश बिचारी फुकट बदनाम झाली.)

यात वाईट काय, तर मेलेल्या सर्व्हरचा त्रास याहून कमी होतो. मेलेला उत्तर देत नाही. टाइमआउट बसतो, पुढच्या वेळी आम्ही दुप्पट थांबतो, दोन-चार फटक्यांत तो ४०० च्या हद्दीबाहेर फेकला जातो आणि दुसऱ्याकडून काम भागतं. हा मात्र वेळेवर, टापटीप आणि चुकीचं उत्तर देतोय. वेळ मोजणाऱ्याच्या हिशेबात तो शहाणा मुलगा.

अवांतर: "सर्व्हर धीमा आहे" ही तक्रार आली की माझा पहिला संशय हल्ली धीमेपणावर नसतोच, वेगवेगळ्या उत्तरांवर असतो.

---

मिरजकर_तंबोरा

एनएस३ झोन उतरवून का घेत नाही ते बघा. नोटिफाय (झोन बदलल्याची प्रायमरीने दिलेली खबर) पोचतोय का? तो यूडीपीवर जातो. झोन ट्रान्सफर (झोन उतरवून घेणं) मात्र टीसीपी या दुसऱ्या वाहतूक पद्धतीवर, पोर्ट ५३. कुठल्या तरी फायरवॉलमध्ये यूडीपी ५३ उघडं आणि टीसीपी ५३ बंद असलं की नेमकं असंच होतं: क्वेऱ्यांना उत्तरं व्यवस्थित, झोन मात्र शिळा.

आणि एसओएमधला एक्स्पायर किती आहे? प्रायमरीशी गाठ पडली नाही तरी तेवढा काळ सेकंडरी जुनाच झोन छातीठोकपणे देत राहतो. तो काळ संपला की मग सर्व्हफेल (उत्तर देता येत नाही असा निरोप) द्यायला लागतो.

---

बेदाणा_सौदा

सर, नेम बरोबर लागला. कुपवाडच्या लाइनवाल्याने मध्यंतरी राउटर बदलून दिला. त्यात बाहेरून येणारं टीसीपी ५३ बंद. मुंबईच्या मशीनला आमच्याकडून वेगळा टनेल (खासगी वाट) आहे, म्हणून त्याचा झोन उतरत होता. अमेरिका सार्वजनिक पत्त्यावरून यायची, ती अडकली. एक्स्पायर १२,०९,६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस. अजून सहा दिवस ती जुनी यादी वाटत बसली असती.

पोर्ट उघडून घेतलं, झोन उतरला, तिन्ही सिरियल जुळले. आता पुढचं विचारतो: एनएस३ काढूनच टाकू का?

---

कुपवाडचा_फिटर

काढा. आणि एनएस१ पण काढा. एमआयडीसीत आठवड्याला एकदा तरी कुणीतरी खड्डा खणतंय आणि फायबर तोडतंय. झोन तिथं लिहा खुशाल, पण त्याचं नाव बाहेरच्या यादीत कशाला? दोन चांगले भाड्याचे घ्या, झालं.

---

मिरजकर_तंबोरा

या मताला माझा दुजोरा. प्रायमरी यादीत असलाच पाहिजे असा नियम नाही. लपवलेला प्रायमरी ही जुनी आणि चांगली रीत आहे: झोन आत लिहायचा, जगाला उत्तरं सेकंडरींनी द्यायची. त्याने टीसीपी ५३ सगळ्या दुनियेला उघडं ठेवायची गरजही संपते, सेकंडरींच्या पत्त्यांपुरतं उघडलं की पुरे.

मात्र उरलेले दोन एकाच इमारतीत, एकाच नेटवर्कवर नकोत. १९९७ चा आरएफसी २१८२ वाचा. सर्व्हर जमिनीवरही लांब असावेत आणि नेटवर्कच्या दृष्टीनेही.

---

अक्का_विश्रामबाग

पण मग "लांब" म्हणजे पुन्हा २१२ मिलिसेकंद, नाही का? इथेच ओढाताण आहे.

२०१७ मध्ये रायप ॲटलास या मोजणीच्या जाळ्यातल्या हजारो प्रोबांवरून (छोट्या मोजणी यंत्रांवरून) मोजमाप झालं होतं. बहुतेक रिझॉल्व्हर कालांतराने यादीतल्या सगळ्यांना विचारतात आणि साधारण निम्म्यांच्याच निवडीत वेगाकडे स्पष्ट कल दिसतो, असं त्यात निघालं. म्हणजे एक सर्व्हर सोन्याचा केला आणि बाकीचे कसेबसे ठेवले तर भागत नाही. कसाबसा असतो त्याच्याकडेही काही लोक जाणारच. मोठ्या झोनवाल्यांसाठी २०२२ च्या आरएफसी ९१९९ मध्ये हीच शिफारस आहे: एकाला एनीकास्ट करून बाकीचे साधे ठेवण्यापेक्षा सगळेच सारख्या ताकदीचे ठेवा. एनीकास्ट म्हणजे एकच पत्ता अनेक गावांतून जाहीर करायचा. पॅकेट ज्याच्या त्याच्या जवळच्या ठिकाणी जातं, आणि निवडीचं ओझं रिझॉल्व्हरवरून राउटिंगवर जातं. रूट सर्व्हरांची (सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरांची) अक्षरं ए ते एम अशी तेराच आहेत, पण प्रती जगभर हजाराच्या वर आहेत, त्या याच पद्धतीने.

---

कुपवाडचा_फिटर

मग सगळंच एका मोठ्या एनीकास्टवाल्याकडं टाकून मोकळे व्हा की.

---

कृष्णाकाठ

आणि तो पडला की? २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या नेम सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ज्यांचे सगळे नेम सर्व्हर तिच्याकडेच होते त्या मोठमोठ्या साइट तासन् तास दिसेनाशा झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला तर फेसबुकने स्वतःच्याच चार नेम सर्व्हरांकडे यायच्या जाहीर केलेल्या वाटा अनवधानाने मागे घेतल्या. चार नावं, चारही एनीकास्ट, चारही एकदम गायब. रिझॉल्व्हरने निवड करायची तरी कुणातून? बिचारे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. क्लाउडफ्लेअरने तेव्हा सांगितलं होतं की त्यांच्या रिझॉल्व्हरवर या नावांच्या क्वेऱ्या ३० पट झाल्या. अशा वेळी रिझॉल्व्हरने अपयशही थोडा वेळ लक्षात ठेवावं, हे २०२३ च्या आरएफसी ९५२० ने सक्तीचं केलं: किमान १ सेकंद, जास्तीत जास्त ५ मिनिटं.

बेदाणा_सौदा, तुम्ही फेसबुक नाही. तुमचे वाचणारे सांगली, सोलापूर, नाशिक आणि थोडेफार दिल्लीचे व्यापारी. मी असतो तर मुंबईचं मशीन ठेवलं असतं, दुसरं हैदराबाद नाहीतर दिल्लीला वेगळ्या कंपनीकडे घेतलं असतं आणि कुपवाड पडद्याआड. पूर मुंबईला आला तरी हैदराबाद कोरडं. अमेरिकेचा हट्ट कशाला?

---

बेदाणा_सौदा

पटलं. हैदराबादला घेतो. टीटीएल एक तास, कुपवाड लपवतो, एनएस३ बंद. उद्या रजिस्ट्रारकडे (डोमेन जिथे नोंदवलं त्या कंपनीकडे) यादी बदलून लगेच ते मशीन सोडून देऊ का? महिन्याचं भाडं वाचेल.

---

मिरजकर_तंबोरा

थांबा! भाड्याचा मोह आवरा.

डॉट कॉमच्या सर्व्हरांकडून तुमची जी एनएस यादी मिळते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. तुमच्या स्वतःच्या झोनमध्येही एनएसची यादी आहे, तिचा टीटीएल वेगळा. कुठला रिझॉल्व्हर कुठली यादी धरून बसला आहे हे बाहेरून कळत नाही. दोन्हीकडे बदल करा, नाहीतर वर दोन आणि घरात तीन असा नवा घोळ होईल. जुनी यादी सगळ्यांच्या कॅशमधून जाईपर्यंत एनएस३ चालू आणि झोन ताजा राहिला पाहिजे. आधी हैदराबाद यादीत घाला, सिरियल जुळल्याची खात्री करा, मग जुने दोघे काढा आणि त्यानंतर तीन-चार दिवस त्यांना हात लावू नका. एनएस३ चा क्वेरी लॉग आटला की मशीन सोडा.

---

कृष्णाकाठ

+१. आणि सौद्याच्या आदल्या संध्याकाळी नका करू. मी त्या दिवशी आमच्या रिझॉल्व्हरवर तुमच्या पत्त्यांचे आकडे पुन्हा काढून इथे टाकतो. हैदराबाद आमच्याकडून ३० च्या आत आलं पाहिजे. नाही आलं तर त्या कंपनीची वाट चेन्नई-सिंगापूर फिरून येते का ते बघू, तसले नमुनेही असतात.

---

हळदीचा_वायदा

मी तोवर ऑफिसातला पहिला रकाना बदलला. तिथं कुणीतरी जुन्या राउटरचा पत्ता टाकून ठेवला होता, तो राउटर कधीच भंगारात गेलाय. 😀